रिपोर्ट निगेटिव्ह, चट्टा मात्र वाढतोय

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी विडाल टेस्टवर लिहिलं होतं. ताप आला की विडाल, विडाल पॉझिटिव्ह आली की टायफॉईड, आणि जुन्या संसर्गाने आलेल्या अँटिबॉडीपायी कितीजणांना विनाकारण औषधं, असा तो विषय. त्यावर अमेरिकेतून पत्रं आली ती वेगळ्याच आजाराची: "ताई, मग लाइमच्या टेस्टचं काय?" बरं झालं विचारलंत. कनेक्टिकटमधल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माझी सव्वीस वर्षं गेली आणि त्यातली बरीचशी लाइमच्या नळ्यांसोबत. लाइम म्हणजे गोचीड चावल्याने होणारा जंतूचा आजार. नाव मुळात गावाचं, कनेक्टिकटमधलंच. पण आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. रक्त नळीत आल्यानंतर पुढे काय होतं, तेवढंच माझं क्षेत्र.

न्यू जर्सीतल्या हंटरडन काउंटीतून एक वाचक: *जूनमध्ये यांनी अंगणातलं गवत काढलं. आठवड्याभराने मांडीवर तळहाताएवढा लाल चट्टा उठला, रोज थोडा मोठा होत गेला, खाज नाही. अंगात कणकण. लाइमची टेस्ट निगेटिव्ह आली, तरी डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन दिलं. पुण्याला माझ्या दिरांचं औषधाचं दुकान आहे. ते म्हणतात, रिपोर्ट निगेटिव्ह असताना अँटिबायोटिक घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. दोन दिवसांच्या गोळ्या झाल्या आहेत. बंद करू का?*

अजिबात बंद करू नका. दिरांना माझा नमस्कार सांगा, विडालच्या बाबतीत त्यांचा संशय शंभर टक्के बरोबर ठरला असता. इथे मात्र हातच्या काकणाला आरसा धरून बसल्यासारखं झालं आहे. गोचिडांचा भाग, जून महिना, गवतातलं काम आणि रोज पसरणारा तळहाताएवढा चट्टा, एवढं जमलं की डॉक्टरांनी टेस्ट न करताच औषध द्यायचं असतं. खरं तर ती टेस्ट त्यांनी करायलाच नको होती. केली आणि घरात भांडण लागलं!

ती निगेटिव्ह का येते ते समजून घ्या. लाइमचा जंतू बोरेलिया. स्क्रूसारखा पिळदार आणि रक्तात अगदी विरळ. त्याला प्रयोगशाळेत वाढवायला खास खाद्य लागतं, आठवडेच्या आठवडे जातात आणि बहुतेक वेळा हाती काहीच लागत नाही. म्हणून नेहमीच्या टेस्टमध्ये जंतू शोधतच नाहीत. त्या जंतूविरुद्ध तुमच्या शरीराने अँटिबॉडी तयार केल्या आहेत का, एवढंच पाहतात. चोर पकडला का, हे न विचारता घरच्यांनी आरडाओरडा केला का, हे विचारल्यासारखं. घरचे अजून झोपलेले असतील तर चोर आत असूनही उत्तर "नाही" असंच येणार. आयजीएम, म्हणजे आधी येणाऱ्या अँटिबॉडी, टेस्टला सापडण्याइतक्या व्हायला दोन ते चार आठवडे लागतात, नंतर येणाऱ्या आयजीजीला चार ते सहा. म्हणजे चट्टा ताजा असताना रक्त काढलं तर खऱ्या रुग्णांतल्या दहांपैकी जेमतेम तीन-चार जणांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो. बाकीचे लाइम घेऊन आणि निगेटिव्ह कागद घेऊन घरी जातात.

आता माझी फजिती सांगते. लिहायला लाज वाटते, पण तुमच्या दिरांना उपयोगी पडेल. नव्वदच्या दशकातल्या एका जुलैत माझ्या गुडघ्याच्या मागे असाच चट्टा उठला. टीव्हीवर दाखवतात तसा धनुर्धारीच्या निशाणासारखा नव्हता, नुसता सपाट लालसर गोल. (बऱ्याच जणांचा असाच असतो. त्या निशाणाची वाट पाहू नका.) सहकारिणीने रक्त काढलं, सीरम (रक्ताचं वरचं पिवळसर पाणी) मीच टेस्टला लावलं, रिपोर्ट मीच पाहिला. निगेटिव्ह! मी खूश होऊन डॉक्टरकडे गेलेच नाही. वर दोन-तीन आठवड्यांत चट्टा आपोआप गेला, म्हणजे आपण किती शहाणे होतो पाहा. गणपतीच्या आधल्या आठवड्यात सकाळचा चहा पिताना तो उजव्या ओठातून ओघळून साडीवर सांडला. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा खाली लोंबलेला, डोळा मिटेना. घरच्यांना वाटलं अर्धांगवायू. तो लाइमच होता, चेहऱ्याच्या नसेपर्यंत पोचलेला. त्या दिवशीचं रक्त लावलं तर टेस्टच्या पट्टीवर अँटिबॉडीच्या रेषाच रेषा.

डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, "चट्टा दिसत होता ना? मग टेस्ट कशाला केलीस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याच लॅबमध्ये भिंतीवर चिकटवलेल्या तक्त्यात हे सगळं लिहिलेलं होतं. तीन आठवडे डॉक्सीसायक्लिन घेतलं, दोन महिन्यांत चेहरा जागेवर आला. त्या वर्षी गणपतीच्या फोटोत मी कुठेच नाही.

तर तुमच्या यांनी डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स पुरा करावा. चट्ट्यासाठी तो दहा ते चौदा दिवसांचा असतो. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, लगेच आडवं व्हायचं नाही, उन्हात कमी फिरायचं. आणि नंतर पुन्हा टेस्ट करून "आता तरी पॉझिटिव्ह येते का बघू" हा हट्ट नको. लवकर औषध दिलं तर पुष्कळदा अँटिबॉडी नीट तयारच होत नाहीत, आणि रिपोर्ट कायमचा निगेटिव्ह राहतो. दीर मग जन्मभर ऐकवतील.

मॅसॅच्युसेट्समधून एक वाचक, वय ४१: *दोन वर्षं झाली, मी थकलेलीच असते. सांधे दुखतात, डोकं धुक्यात असल्यासारखं, झोप धड नाही. मी शाकाहारी आहे. गोचीड चावलेली आठवत नाही, चट्टाही नव्हता. आमच्या डॉक्टरांनी केलेली लाइम टेस्ट दोनदा निगेटिव्ह. मैत्रिणीच्या सांगण्यावरून एका खास लॅबला स्वतःच्या खर्चाने रक्त पाठवलं. तिथे आयजीएम पॉझिटिव्ह आलं: ३१, ३४ आणि ४१ या बँडवर. त्यांच्या यादीतले डॉक्टर म्हणतात जुनाट लाइम आहे, शिरेतून सहा महिने अँटिबायोटिक घ्या. विमा पैसे देत नाही. नवरा म्हणतो सगळं मनाचं आहे. साधी टेस्ट तर बेभरवशाची आहे असं सगळेच सांगतात, मग मी खास लॅबवर विश्वास का ठेवू नये?*

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी नवऱ्याचं: दोन वर्षांचा थकवा "मनाचा" नसतो, आणि निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थ "तुम्हाला काही झालेलं नाही" असा कधीच नसतो. लाइमचा शोधच मुळी एका गृहिणीने डॉक्टरांचं न ऐकल्यामुळे लागला. लाइम गावच्या पॉली मरी या बाईच्या घरातले सगळे वर्षानुवर्षं आजारी, आणि डॉक्टरांना त्यात काही दिसेना. ती वहीत नोंदी ठेवत गेली. १९७५ मध्ये तिने आणि आणखी एका आईने आरोग्य खात्याला कळवलं, तेव्हा कुठे येल विद्यापीठाचे डॉक्टर ॲलन स्टीअर त्या गावात आले. जंतू सापडायला त्यानंतर १९८१ उजाडलं. विली बर्गडॉर्फर या संशोधकाला तो न्यूयॉर्कजवळच्या शेल्टर आयलंडवरच्या गोचिडांत दिसला. तेव्हा डॉक्टरवर शंका घेतल्याबद्दल मी तुम्हाला एका शब्दाने बोलणार नाही.

पण तुमच्या प्रश्नात एक गाठ आहे ती सोडवते. "साधी टेस्ट बेभरवशाची" हे वाक्य पहिल्या काही आठवड्यांपुरतं खरं आहे. दोन वर्षांनंतर ते खरं राहत नाही. आजार शरीरात पसरून सांध्यापर्यंत गेला असेल तर एव्हाना घरच्यांनी आरडाओरडा करून गल्ली जागी केलेली असते. लाइमने गुडघा सुजलेल्या माणसाच्या आयजीजी पट्टीवर मी बहुतेक वेळा सात-आठ ठसठशीत रेषा पाहिल्या आहेत, शोधाव्या लागत नाहीत. एकच टेस्ट पाचव्या दिवशी जवळपास आंधळी असते आणि सहाव्या महिन्यात तिची नजर चांगली असते. सांगणारे पाचव्या दिवसाचा आंधळेपणा दाखवून दोन वर्षांनंतरचा रिपोर्ट रद्द करतात.

आता तुमच्या रेषा, म्हणजे ते बँड. पट्टी कशी असते ते सांगते, कारण ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना ती देववाणी वाटते. आगकाडीएवढी रुंद, बोटाएवढी लांब पांढरी पट्टी. तिच्यावर जंतूची प्रथिनं वजनाप्रमाणे एकाखाली एक पसरवलेली असतात. ती पन्हाळीसारख्या खाचेत ठेवायची, वर पातळ केलेलं सीरम, मग तासभर झुलत राहणारं यंत्र, धुणं, रंग. अँटिबॉडी जिथे चिकटली असेल तिथे जांभळट रेघ उमटते. त्या रेघांना प्रथिनांच्या वजनाचे आकडे: २३, ३९, ४१ असे. मग शेजारी ठरलेली एक फिकट नमुना-रेघ धरून बघायचं, ही तिच्यापेक्षा गडद का फिकट. डोळ्यांनी! मी आणि माझी सहकारीण एकाच पट्टीकडे बघून वेगळे आकडे लिहायचो. सोमवारी सकाळी एक, शुक्रवारी संध्याकाळी दुसरं, असंही होत असेल. कबूल करायला कोण बसलंय? म्हणून नियम लागतात. १९९४ मध्ये मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला तज्ज्ञांची बैठक झाली, तिथे ते ठरले: आधी एलायझा (यंत्रावर होणारी अँटिबॉडीची टेस्ट), ती पॉझिटिव्ह किंवा संशयास्पद आली तरच पट्टी. पट्टीवर आयजीजी असेल तर १० पैकी ५ रेषा, आयजीएम असेल तर २३, ३९ आणि ४१ या तिघींपैकी २. आणि आयजीएमचा नियम आजाराच्या पहिल्या महिन्यापुरताच लागू. अधोरेखित करून ठेवा.

तुमची ४१ बघा. ही जंतूच्या शेपटीच्या प्रथिनाची रेघ. अशी शेपटी इतर पुष्कळ जंतूंना असते, तोंडात हिरड्यांशी मुक्काम करणाऱ्या निरुपद्रवी जंतूंनाही. धडधाकट माणसांच्या पट्टीवर ४१ सर्रास दिसते, माझ्या भाच्याच्याही दिसली होती. उरल्या ३१ आणि ३४. या लाइमच्या जंतूच्याच आहेत हे खरं, आणि डिअरबॉर्नच्या यादीत त्या नाहीत हेही खरं. त्यावरून तुमच्या मैत्रिणीने "लशीसाठी मुद्दाम वगळल्या" ही गोष्टही सांगितली असेल. लस होती, लायमरिक्स नावाची, १९९८ ते २००२. ती ३१ च्या प्रथिनापासूनच बनवलेली, म्हणजे लस घेतलेल्याची ३१ उमटणारच. पण यादी ठरली ती रुग्णांच्या आणि निरोगी लोकांच्या पट्ट्या शेजारी ठेवून. ३१ आणि ३४ सहसा उमटतात त्या फार उशिरा, संधिवात जडलेल्यांत, आणि तोवर बाकीच्या पाच-सहा रेषा आलेल्याच असतात. तुमच्या आयजीजीवर काय आलं ते पत्रात नाही. कागद काढून बघा. तिथे काही नसेल, तर दोन वर्षांनी नुसतं आयजीएम म्हणजे पहिल्याच महिन्यात अडकलेली घंटा. असं सहसा खोट्या पॉझिटिव्हमध्ये होतं.

नियमांची वकिली करतेय असं वाटेल, म्हणून हेही सांगते. चार रेषा आल्या की निरोगी आणि पाचवी आली की रोगी, असं शरीर ठरवत नाही, ती सोय माणसांनी केलेली आहे. चार ठळक रेषा आणि सुजलेला गुडघा घेऊन आलेल्या माणसाला फक्त आकड्यावरून परत पाठवणारे डॉक्टर मी पाहिले आहेत, आणि ते चुकले होते. व्हर्जिनियाच्या विधानसभेने तर २०१३ मध्ये कायदाच केला होता की लाइमची टेस्ट करताना निगेटिव्ह म्हणजे आजार नाहीच असं नव्हे, हे रुग्णाला लेखी द्यावं. २०१९ पासून पट्टीऐवजी दुसरी एलायझाच लावण्याची पद्धत अमेरिकेत मान्य झाली आहे. सुरुवातीच्या दिवसांत ती जास्त रुग्ण पकडते आणि माझ्यासारखीच्या डोळ्यांवर अवलंबून राहत नाही. बरं झालं.

खास लॅबबद्दल. "आमची लॅब सर्टिफाइड आहे" असं कागदावर असेल. ते प्रमाणपत्र यंत्रं नीट चालतात, माणसं शिकलेली आहेत, नोंदी ठेवल्या जातात, याचं असतं. ती टेस्ट आजार ओळखते का, हे तपासून दिलेलं नसतं. लॅबने स्वतःचे नियम केले, दोन रेषांना पॉझिटिव्ह म्हटलं, की पॉझिटिव्ह वाढणारच. अशा लॅबला विचारायचा एकच प्रश्न: "शंभर धडधाकट माणसांचं रक्त तुम्ही लावलं तेव्हा किती जण पॉझिटिव्ह आले?" उत्तर लेखी मागा.

हिशेबासाठी सोपे आकडे घेऊ. समजा तुमच्यासारख्या, नुसता थकवा असलेल्या, चट्टा नाही, सूज नाही, अशा हजार जणांत खरा लाइम पाच जणांना आहे. टेस्ट इतकी चांगली की निरोगी शंभरात फक्त दोघांना खोटं पॉझिटिव्ह म्हणते. तरी खोटे पॉझिटिव्ह झाले वीस आणि खरे पाच. पॉझिटिव्ह कागद हातात असलेल्या पाचांतल्या चौघांना लाइम नाहीच. ही चांगल्या टेस्टची गत, आणि खास लॅबचे नियम तर याहून सैल.

आणि सहा महिने शिरेतून औषध? इथे मात्र मी हात जोडून थांबा म्हणेन. १९९० ते १९९२ च्या काळात न्यू जर्सीतच लाइमच्या संशयावरून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे शिरेतून द्यायचं अँटिबायोटिक दिलेल्या लोकांना पित्ताशयाचे खडे आणि विकार झाल्याची नोंद आहे. काहींचं पित्ताशय काढावं लागलं, आणि त्यांतल्या अनेकांना लाइम असल्याचा पुरावाच नव्हता. शिरेत महिनोन्‌महिने नळी राहिली की तिथून रक्तात जंतू जातात, त्याने माणसं दगावली आहेत. आणि ज्यांना पूर्वी खरोखर लाइम झाला होता अशांवर २००१ मध्ये झालेल्या चाचण्यांतही लांबलचक अँटिबायोटिकने तुलनेसाठी दिलेल्या बिनऔषधाच्या डोसपेक्षा जास्त बरं वाटलं नाही.

मग थकवा कशाचा? ते शोधणं माझ्या हातात नाही. पण डॉक्टरांना "लाइम आहे की नाही" हे विचारणं सोडून "मी का थकते" हे विचारा. पत्रात तुम्ही शाकाहारी असल्याचं लिहिलं आहे. बी-१२ कधी मोजलं होतं? थायरॉईड, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), झोपेत श्वास अडकतो का, ल्युपसची (शरीर स्वतःवरच उलटण्याच्या आजाराची) तपासणी? ल्युपसमध्ये लाइमची टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, हे जाता जाता. रिपोर्ट आले की मला कळवा, नवऱ्यालाही वाचायला द्या.

ईडिसनहून: *तीन वर्षांपूर्वी लाइम झाला, औषध घेतलं, बरा झालो. वार्षिक तपासणीत अजून पॉझिटिव्ह येतंय. जंतू उरलाय का?*

अँटिबॉडी वर्षानुवर्षं राहतात, कधी आयजीएमसुद्धा. बरे झालात की नाही हे ही टेस्ट सांगूच शकत नाही. वार्षिक तपासणीतून ती काढून टाकायला सांगा. मात्र पुन्हा गोचीड चावली तर पुन्हा लाइम होऊ शकतो, आणि तेव्हा जुन्या अँटिबॉडीमुळे टेस्टचा उपयोग आणखी कमी. अशा वेळी चट्टा बघायचा.

म्युनिकहून एक विद्यार्थिनी: *पायाला चिकटलेली गोचीड काढून लॅबला पाठवली. गोचीड पॉझिटिव्ह! मी औषध सुरू करू?*

अगं, रिपोर्ट गोचिडीचा आहे, तुझा नाही. तिच्या पोटात जंतू असला तरी तो तुझ्यात उतरायला सहसा बराच वेळ लागतो, आणि पुष्कळदा उतरतच नाही. उलट ही निगेटिव्ह आली असती आणि दुसरी न दिसलेली पाठीवर असती तर? पिल्लू-गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते. तारीख लिहून ठेव, महिनाभर त्या जागेवर आणि अंगभर नजर ठेव, चट्टा किंवा ताप आला तर लगेच डॉक्टर. आणि बव्हेरियात आहेस तर गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराची लस घेतलीस का ते आधी सांग. तो वेगळा आजार, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही.

सावंतवाडीहून: *बागेत काम करताना माझ्या वडिलांना गोचीड चावली, आता ताप आहे. पुण्याच्या एका पॅकेजमध्ये लाइमची टेस्ट आहे. करून घेऊ?*

पैसे वाया घालवू नका. तुमच्या भागात गोचीड आणि ताप म्हटलं की आधी माकडताप आठवायचा. दोडामार्ग-बांदा पट्ट्यात तो गेली काही वर्षं आहे, तो विषाणूचा आजार आहे आणि लाइमच्या टेस्टमध्ये तो दिसणार नाही. त्याची पीसीआर तपासणी तापाच्या सुरुवातीच्या दिवसांतच उपयोगी पडते. आजच सरकारी दवाखान्यात न्या. ताप कधी आला ते सांगा, आणि बागेत कुठे माकड मेलेलं दिसलं असेल तर तेही सांगा.